आपले ते आपले (भाग ६) : भावाचा रिकामा रकाना

सोयाबीनची रास झाली की लातूर-नांदेडकडच्या शेतकऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. मिळेल त्या भावाने सौदा करून मोकळे व्हायचे, नाहीतर भाव चढेल या आशेवर थांबायचे. थांबणारे काही वेडे नसतात. ऑगस्ट २०२१ मध्ये याच सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांच्या घरातला भाव पाहिला आणि २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपयांचा हमीभावसुद्धा बाजारात मिळेना. अशा पिकापायी थांबायचा मोह कुणालाही होईल. पण थांबायचे तर माल ठेवायचा कुठे? घरात जागा नाही, उंदरा-घुशींचा त्रास, शिवाय पेरणीला घेतलेली उचल आडत्याकडे बाकी. मग औसा, निलंगा, मुखेड, नायगावकडून भरलेला टेम्पो मोंढ्यात येतो, पोती आडत्याच्या गोदामात उतरतात आणि ठरलेले वाक्य बोलले जाते : ‘माल राहू द्या, भाव नंतर करू.’ आपल्या वस्तूवर दुसऱ्याने डल्ला मारला तर कायदा काय देतो, हे आपण या लेखमालेत पाहत आहोत. मागच्या भागात थकलेल्या हप्त्यांपायी उचलून नेलेले ट्रॅक्टर होते, या भागात धान्य आहे. आडत्याने असा माल परस्पर विकला किंवा दुकानाला कुलूप लावले, तर शेतकऱ्याच्या हाती काय उरते? माझे म्हणणे असे की, याचे उत्तर पोती उतरली त्याच दिवशी ठरून गेलेले असते, आणि बहुतेक वेळा ते शेतकऱ्याच्या विरुद्ध गेलेले असते.

त्या दिवशी हाती पडते ती कच्ची पावती. वर दुकानाचे नाव, खाली शेतकऱ्याचे नाव-गाव, पोत्यांची संख्या, काट्यावरचे वजन, हमाली-तोलाई, आणि भावाचा रकाना रिकामा. हा कागद दोन तऱ्हांनी वाचता येतो. एक तर शेतकऱ्याने माल सांभाळायला दिला. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १४८ मध्ये हा निक्षेप होतो. त्यात मालकी देणाऱ्याकडेच राहते आणि घेणाऱ्याने वस्तू परत करायची किंवा मालक सांगेल तशी तिची वाट लावायची. किंवा मग माल विकला गेला, फक्त पैशाचा आकडा राहिला. विक्रीसाठी भाव आधी ठरलेलाच असावा असे कायदा म्हणत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम ९ भाव मागाहून ठरवायची मुभा देते, आणि कलम १९ सांगते की मालकी केव्हा गेली हे दोघांच्या हेतूवरून, म्हणजे करारातले शब्द, वागणूक आणि परिस्थिती यांवरून पाहायचे. भाव झाला नाही म्हणजे विक्री झाली नाही, ही मोंढ्यातली पक्की समजूत आहे. रिकामा रकाना मालकाला वाचवतो असे त्यात गृहीत असते, आणि कायद्यात तिला थारा नाही.

हा पेच जुना आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका पीठगिरणीचा दावा प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला आणि १८६९ मध्ये त्याचा निकाल लागला. साउथ ऑस्ट्रेलियन इन्शुरन्स कंपनी विरुद्ध रँडेल या नावाने वकील तो ओळखतात. शेतकरी गहू आणून गिरणीत टाकत. तो सगळ्यांच्या गव्हात मिसळे, गिरणीवाला त्यातून दळे, विके. शेतकऱ्याने मागितले की तितकाच, त्याच प्रतीचा गहू किंवा त्या दिवसाचा बाजारभाव द्यायचा, अशी रीत होती. आग लागून माल गेला तेव्हा विमा कंपनी म्हणाली, हा गहू शेतकऱ्यांचा, गिरणीवाल्याने विश्वासाने ठेवलेला, म्हणून आमच्या पॉलिसीत बसत नाही. प्रिव्ही कौन्सिलने ते मानले नाही. गहू त्या साठ्यात पडला आणि तो हवा तसा वापरायला गिरणीवाला मोकळा झाला, तेव्हाच मालकी त्याची झाली, असा निकाल लागला. त्या खटल्यात याचा फायदा गिरणीवाल्याला विम्यापोटी झाला. मात्र हेच सूत्र आपल्याकडच्या शेतकऱ्याला लावले की तो मालक राहत नाही, नुसता येणेकरी होतो. यावर कुणी म्हणेल, मिसळले म्हणून मालकी कशी जाईल? करार कायद्याचे कलम १५५ तर सांगते की मालकाच्या संमतीने माल मिसळला तर दोघांचाही आपापल्या प्रमाणात त्या राशीत हिस्सा राहतो. आक्षेप रास्त आहे. नुसत्या मिसळण्याने मालकी जात नाही. ती जाते साठवणाऱ्याला विकायची मोकळीक दिल्याने, आणि ‘भाव नंतर करू’ या बोलीत तीच मोकळीक न बोलता दिली जाते. आडत्या त्याच आठवड्यात ते सोयाबीन तेलगिरणीला घालतो आणि पैसा फिरवतो, हे मोंढ्यात सगळ्यांना ठाऊक असते. ठाऊक असून कुणी हरकत घेत नाही, आणि वागणुकीचा पुरावा म्हणतात तो हाच.

मालक की येणेकरी, या फरकाने काय काय बदलते ते पाहिले म्हणजे त्या कागदाचे वजन कळते. मालकाला १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ७ खाली वस्तू परत मागता येते. समोरचा त्याचा दलाल म्हणून वस्तू धरून बसला असेल तर कलम ८ तिचा ताबा सक्तीने द्यायला लावते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०, नियम १० प्रमाणे अशा हुकूमनाम्यात वस्तू न मिळाल्यास किती रक्कम द्यायची तेही लिहावे लागते, म्हणजे माल गेला तरी दावा रिकामा जात नाही. आडत्याचे दिवाळे वाजले तर मालक आपला माल बाजूला काढून मागू शकतो आणि येणेकरी बँकेच्या मागे रांगेत उभा राहतो. पण मला सर्वांत घातक वाटतो तो मुदतीचा फरक. सांभाळायला दिलेल्या वस्तूच्या दाव्याची तीन वर्षे मागणी केल्यावर नकार मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात, तसे १९६३ च्या मुदत कायद्याचे अनुच्छेद ७० सांगते. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी, उधारीची मुदत ठरलेली नसेल तर, अनुच्छेद १४ लागते आणि तिथे तीन वर्षे माल दिल्याच्या दिवसापासून धावू लागतात. समजा, २० ऑक्टोबर २०२१ ला पोती उतरली, भाव चढायची वाट पाहण्यात आणि पुढे ‘बघू, दिवाळीनंतर’ ऐकण्यात दिवस गेले आणि २०२५ मध्ये शेतकरी वकिलाकडे आला. माल ठेवायला दिला होता असे सिद्ध झाले तर त्याचा दावा जिवंत आहे. विकला होता असे ठरले तर आडत्याचा वकील अनुच्छेद १४ वर बोट ठेवील आणि मधल्या काळात लेखी कबुली किंवा काही रक्कम चुकती केल्याचा पुरावा नसेल तर दावा बुडेल.

आता सर्वांत आधी घेतला जाणारा आक्षेप : एवढे कोर्टाचे कशाला, पोलिसांत द्या, दोन दिवसांत पैसे बाहेर पडतील. कधीकधी पडतातही, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अपहाराचा गुन्हा विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेचाच होतो, आणि विकलेला माल सोपवलेला नसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात नेमके हेच सांगितले. तिथेही बाब धान्याचीच होती. घोड्यांसाठी धान्य आणि ओट पुरवणाऱ्याचे बिल थकले आणि त्याने फौजदारी तक्रार केली. न्यायालय म्हणाले, विक्री झाली की माल घेणाऱ्याचा होतो, मग विश्वासघाताचा प्रश्न उरत नाही, थकलेल्या पैशांसाठी दिवाणी दावा आहे. फसवणुकीचे कलम लावायचे तर व्यवहाराच्या सुरुवातीलाच खोट होती हे दाखवावे लागते, आणि पंधरा वर्षे ज्याच्याकडे माल घातला त्याच्याबद्दल ते दाखवणे महाकठीण. उलट माल खरोखर सांभाळायला दिला असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६ (५) आडत्याला पुरते घेरते, कारण व्यापारी, अडते, दलाल, अभिकर्ता यांच्या विश्वासघाताला त्यात दहा वर्षांपर्यंत कैद किंवा थेट जन्मठेप अशी शिक्षा आहे. त्याच पोत्यांवरून एका वाचनात जन्मठेपेचा गुन्हा होतो आणि दुसऱ्या वाचनात गुन्हाच होत नाही.

मोंढ्यातला माणूस दुसरी अडचण काढील, आणि ती जास्त खरी आहे. उचल घेतलेला शेतकरी आडत्याला अटी घालू शकत नाही. कायदाही इथे आडत्याच्या बाजूला थोडा झुकतो. करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये अडत्यासारख्या अभिकर्त्याला हिशेबाची बाकी फिटेपर्यंत माल अडवून धरायचा हक्क आहे. बाकी असेपर्यंत त्याने माल दिला नाही तर ती अफरातफर होत नाही. पण अडवून धरायचा हक्क म्हणजे विकायचा हक्क नव्हे, आणि तारण म्हणून माल असला तरी कलम १७६ विक्रीआधी वाजवी नोटीस मागते. शेतकऱ्याची आणखी एक वाट कायद्याने बुजवलेली आहे. आडत्याने परस्पर विकलेला माल ज्या गिरणीने सरळ मनाने, धंद्याच्या नेहमीच्या रीतीने घेतला, तिच्याकडून तो परत मागता येत नाही. मालकाच्या संमतीने ताब्यात असलेला माल व्यापारी अभिकर्त्याने विकला तर घेणाऱ्याला चांगली मालकी मिळते, असे मालविक्री कायद्याच्या कलम २७ चे परंतुक आहे. भांडायचे ते आडत्याशीच.

म्हणून सगळी मदार पावतीवर. भाव ठरला नसेल तर रकाना कोरा ठेवण्याऐवजी त्यात ‘ठेवीचा माल, मालकाच्या लेखी सांगण्याशिवाय विक्री नाही’ एवढे लिहून घ्यावे. आडत्या नाही म्हणाला तर तेही कळलेले बरे. मग तो व्यवहार विक्रीचाच धरावा आणि बाजार समितीच्या नियमाप्रमाणे त्याच दिवशी हिशोबपट्टी आणि पैसे मागावेत. थांबायचेच असेल तर वखार महामंडळाच्या गोदामाची पावती आडत्याच्या चिठ्ठीपेक्षा कितीतरी भक्कम, कारण तिच्यात मालकी कोणाची हा वादच उद्भवत नाही. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समित्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी देतात. १९९०-९१ पासून ही सोय आहे. उचलीची अडचण तिने बरीचशी भागते, पूर्ण नाही. पेरणीच्या वेळी लागणारा पैसा तारणातून येत नाही, कारण तेव्हा तारण ठेवायला माल नसतो.

ज्यांचा माल या हंगामात आधीच उतरला आहे त्यांच्यासाठी नोटिशीतला शब्द महत्त्वाचा. ‘माझे पैसे द्या’ असे लिहिले की विक्री आपणच कबूल केली. ‘माझा एकवीस क्विंटल माल परत द्या, न दिल्यास आजच्या बाजारभावाने किंमत द्या’ असे लिहिले की मालकी सांगितली आणि नकाराची तारीखही पक्की झाली. दावा लावतानाही दोन्ही मागण्या पर्यायी म्हणून एकाच दाव्यात घालाव्यात, कारण एक सोडून दिली तर आदेश २, नियम २ पुढे तिचा दरवाजा बंद करतो. किमतीसाठी बाजार समितीच्या रोजच्या दरपत्रकाची नक्कल काढून ठेवावी. आडत्याच्या वहीतली नोंद आपल्या बाजूची असली तरी तिच्या एकटीच्या जोरावर कुणावर देणे लादता येत नाही, म्हणून मोबाइलवरचे संदेश जपावेत आणि ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मधल्या प्रमाणपत्रासह हजर करावेत. ‘माल आहे ना तुमच्याकडे?’ असा साधा संदेश आज पाठवला आणि ‘आहे’ असे उत्तर आले, तर पावतीच्या कोऱ्या रकान्यात जे लिहायचे राहिले होते त्यातले निम्मे तरी पुराव्यात आले.