दिवाणखान्यात समुद्र आणायचा तर...

मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. तिथे रस्ता ओलांडला की समुद्र. जयपूरच्या सी-स्कीममध्ये मात्र पाणी, मीठ, मासे आणि गारवा सगळेच बाहेरून आणावे लागते. तरीही मुंबईहून बदली होऊन गेलेल्या घरातली मुले नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउन माशांसाठी हट्ट धरतात आणि मग वाद सुरू होतो: टाकी ठेवायची कुठे?

बाबांना ती दारासमोर हवी असते, पाहुण्यांना दिसावी म्हणून. आईची नजर संगमरवरी फरशीवर असते. आईचे ऐकलेले बरे, कारण सगळ्यात आधी प्रश्न येतो वजनाचा.

पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे ५६५ लिटर पाणी मावते. काच, खडक, वाळू, स्टँड आणि खालची गाळणीची टाकी धरली की वजन एक टनाच्या घरात जाते. घराची जमीन साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखलेली असते; इथे एका चौरस मीटरहून कमी जागेवर त्याच्या पाचपट भार येतो. तळमजल्याच्या पक्क्या जमिनीवर चिंता कमी. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये किंवा दगडी पट्ट्यांचे छत असलेल्या जुन्या बंगल्यात मात्र स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय काच कापायला सांगू नये. सुताराचा ‘काही होत नाही साहेब’ हा दाखला इथे चालत नाही.

जागा भार पेलणाऱ्या भिंतीलगत असावी, पण मागे हात जाईल इतकी फट सोडावी. खिडकीचे ऊन थेट पडले तर पाणी तापते आणि काचेवर शेवाळ धरते. टीव्ही जवळ नको, कारण खारे तुषार उडून सगळ्यावर मिठाचा पापुद्रा चढतो. विजेचे सॉकेट टाकीच्या वर, एका बाजूला घ्यावे आणि वायर आधी खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे थेंब सॉकेटमध्ये न जाता खाली गळतात. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच यांत काटकसर नको.

आता पाणी. नळाचे असो वा बोअरचे, ते आरओमधून काढूनच घ्यावे. ताशी दहा-बारा लिटर देणाऱ्या यंत्राला टाकी भरायला दोन दिवस लागतात. वाया जाणारे पाणी फरशी पुसायला उपयोगी पडते. त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे एकूण वीस किलोच्या आसपास मत्स्यालयासाठीचे खास मीठ लागते. सांभर सरोवर जवळच आहे, मग तिथले मीठ का नको, असा प्रश्न हमखास निघतो. पण सांभर हे समुद्रापासून तुटलेले सरोवर. समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियम त्या मिठात नाही. स्वयंपाकघरातले मीठही चालत नाही. एकदा टाकी भरली की रोज आटलेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणीच घालावे. मीठ उडून जात नाही, ते मागे राहते. पुन्हा खारे पाणी घातले तर क्षार वाढत जातात आणि मासे मरतात. दर पंधरवड्याला पन्नासेक लिटर पाणी बदलायचे असते, म्हणून न्हाणीघर जवळ असावे. काढलेले खारे पाणी बागेत ओतू नये.

जयपूरचा खरा शत्रू उन्हाळा. बाहेर पारा ४५ अंशांकडे गेला तरी पाणी २५ ते २७ अंशांवर राहायला हवे, त्यासाठी चिलर लागतो. चिलर उष्णता बाहेर टाकतो. तो बंद कपाटात कोंडला तर आपलीच गरम हवा ओढून निकामी होतो. थंडीत उलट हीटर लागतो. वीज गेली तर आधी श्वास कोंडतो, तापमान नंतर बिघडते, म्हणून इन्व्हर्टरवर पहिला हक्क पंपाचा. पंप थांबल्यावर वरचे काही पाणी खालच्या टाकीत उतरते. तेवढी जागा तिथे रिकामी ठेवली नाही तर ते दिवाणखान्यात येते. चिलर, पंप आणि दिवे यांचे मिळून येणारे विजेचे बिल घरात आधीच बोलून घ्यावे.

माशांची निवडही विचारानेच करावी. २००१ सालापासून आपल्या समुद्रातली कठीण प्रवाळे आणि समुद्रघोडे वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत. दुकानदाराने कितीही कुजबुजून दाखवले तरी ते घेऊ नयेत. क्लाउन मासे मात्र केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने बंदिस्त टाक्यांत वाढवले आहेत. असे पैदाशीचे मासे समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा घरात चांगले रुळतात.

आणि मुलांना आधीच सांगून ठेवावे की टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे तिच्यात मासा नसेल. खडकांवर सूक्ष्म जीवाणू वाढतात, तेच पुढे माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवतात. तोवर पाहुणे येतात, दिव्यात चमकणाऱ्या रिकाम्या पाण्याकडे पाहतात आणि विचारतात, ‘‘मासे कुठे आहेत?’’ चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की क्लाउनची एकच जोडी आणावी.