भरतीच्या वेळी गटाराचं तोंड बंद असतं

पहिल्या मोठ्या पावसात सोसायटीच्या आवारात घोटाभर पाणी साचलं की व्हॉट्सॲपवर ठरलेली वाक्यं येऊ लागतात. नालेसफाई झालेली नाही. पाईप लहान आहे. शेजारच्यांनी भराव टाकला, आपणही टाकू. मी मुंबईच्या सखल भागात राहतो, इमारतीच्या कमिटीत काही वर्षं काम केलं आहे, आणि या वाक्यांपायी रहिवाशांचे कष्टाचे पैसे पाण्यात गेलेले पाहिले आहेत. यातलं प्रत्येक वाक्य थोडं थोडं खरं आहे, म्हणून ते चटकन पटतं. अडचण तिथेच आहे.

‘आज साडेचार मीटरच्या लाटा येणार’

बातम्यांमध्ये हे वाक्य दर पावसाळ्यात येतं आणि लोक लाटा बघायला मरीन ड्राइव्हला जातात. साडेचार मीटर ही लाटेची उंची नसते. ती भरतीच्या पाण्याची पातळी असते, आणि ती मोजतात समुद्राच्या नकाशासाठी ठरवलेल्या एका खालच्या शून्यापासून. त्या शून्यापासून मुंबईची सरासरी समुद्रपातळी साधारण अडीच मीटरवर आहे. म्हणजे साडेचार मीटरची भरती सरासरी समुद्रापेक्षा जवळपास दोन मीटर वर चढलेली असते. लाटा असतील तर त्या याच्यावर.

हे दोन मीटर आपल्या आवाराशी थेट जोडलेले आहेत. शहराचं पावसाचं पाणी समुद्रात आणि खाडीत सोडणाऱ्या मुखांना पालिकेच्या भाषेत पातमुखं म्हणतात. 2005 च्या पुरानंतर माधव चितळे समितीने सगळ्या व्यवस्थेचा अभ्यास केला. 186 पातमुखांपैकी 45 सरासरी समुद्रपातळीच्याही खाली होती, 135 भरतीच्या रेषेखाली होती, आणि भरतीच्या वर होती फक्त सहा. कोळी ज्याला उधाण म्हणतात, त्या अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला शहराच्या गटारांची तोंडं समुद्र स्वतःच बंद करतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या सुमारास, पाणी इतकं चढत नाही. दोन भरतींमध्ये साधारण साडेबारा तास जातात. तेव्हा पाऊस किती पडला याइतकंच तो कधी पडला हेही महत्त्वाचं.

हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथली पंपिंग स्टेशनं याचसाठी उभी राहिली. दार बंद करून समुद्राला बाहेर ठेवायचं आणि आतलं पाणी उपसून भिंतीपलीकडे टाकायचं, हे त्यांचं काम. त्यांनी फरक पडला आहे. पण ती मुख्य नाल्यातलं पाणी उपसतात, तुमच्या चेंबरमधलं नव्हे.

‘मोठा पाईप टाकला की प्रश्न मिटला’

आमची सगळ्यात महागडी चूक ही होती. सहा इंची पाईप काढून आम्ही रस्त्यापर्यंत बारा इंची टाकला. कागदावर हिशेब बिनचूक होता: उतार तोच असेल तर दुप्पट व्यासाचा पाईप सहापटीहून अधिक पाणी नेतो. पुढच्या जुलैत पाणी पूर्वीइतकंच साचलं, आणि आधीपेक्षा लवकर.

त्यानंतरच्या मे महिन्यात एका जुन्याजाणत्या गवंड्याला बोलावलं. त्याने काहीही खणलं नाही. पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं, मधे अडकलेला बुडबुडा टिचक्या मारून घालवला. नळीचं एक टोक आमच्या शेवटच्या चेंबरपाशी, दुसरं रस्त्यावरच्या पावसाळी चेंबरपाशी. पाणी स्थिरावल्यावर दोन्हीकडे खडूने रेघ मारली आणि टेप सोडून रेघेपासून तळापर्यंतचं अंतर मोजलं. आमच्या चेंबरचा तळ रस्त्याच्या चेंबरपेक्षा चार सेंटीमीटर खाली निघाला. म्हणजे आमच्या नव्या पाईपचा उतार आतल्या बाजूला होता. रस्त्याचं गटार भरलं की ते पाणी आमच्याकडे यायला आम्हीच रुंद वाट करून दिली होती.

सपाट शहरात खरी टंचाई उताराची असते. दोनशेला एक असा अगदी बेताचा उतार धरला तरी साठ मीटर लांबीत तीस सेंटीमीटर खाली जावं लागतं. एवढी खोली सखल भागात कुठून आणायची? म्हणून पाईप बदलण्याआधी लेव्हल घ्या. नळी आणि टेप, एवढ्यावर अर्ध्या दिवसाचं काम आहे. बाहेरचं पाणी आत येत असेल तर शेवटच्या चेंबरला एकदिशा झडप लावता येते, पण ती मिटलेली असताना आपलंही पाणी बाहेर जात नाही, हे ध्यानात ठेवूनच.

‘शहराची गटारं नवी केली की पाणी तुंबायचं थांबेल’

जुन्या मुंबईची गटारं तासाला 25 मिलिमीटर पावसासाठी, तीही ओहोटीच्या वेळी, आणि निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरून बांधलेली होती. 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता 50 मिलिमीटरवर न्यायला सांगितलं. काम फार रेंगाळलं आणि आजही सगळं पुरं झालेलं नाही, याचा जाब नागरिकांनी विचारलाच पाहिजे. पण 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यातल्या एका तासात 190 च्या आसपास. त्याच दिवशी कुलाब्याला 75 मिलिमीटरही झाला नाही. असा पाऊस पोटात घेईल एवढं गटार या शहराच्या जमिनीखाली मावणार नाही.

नालेसफाईचंही तसंच. ती हवीच, गाळ काढलेला नाला जास्त पाणी नेतो. पण आवाराच्या आतली गटारं, जाळ्या आणि चेंबर साफ ठेवणं सोसायटीचं काम आहे, आणि तिथे बहुतेक वेळा सापडतो तो आपल्याच घरांच्या दुरुस्तीतला सिमेंट-वाळूचा थर.

‘आवार उंच केलं की आपण सुटलो’

रस्ते थरावर थर चढवत वर येत गेले आणि जुन्या इमारतींची जोती खाली राहिली, हे खरं दुखणं आहे. पण भराव टाकून पाणी नाहीसं होत नाही, ते शेजारच्या चाळीत जातं. पुढच्या वर्षी तेही भराव टाकतात. अखेर गल्लीतलं सगळ्यात गरीब घर सगळ्यात खोल राहतं. मला हे पटत नाही. उंच करायचंच असेल तर मीटर रूम, पंपाचं पॅनेल, लिफ्टची यंत्रणा आणि जनरेटर उंचावर न्या. पाण्याने होणाऱ्या नुकसानीतलं सगळ्यात महागडं आणि जीवघेणं नुकसान तिथेच होतं.

‘आमच्याकडे हार्वेस्टिंग आहे’

असूद्या, चांगलंच आहे. पण साठवणीची टाकी जूनअखेरीस भरलेली असते. जुलैतल्या मुसळधार पावसाला तिच्यात जागाच नसते. पुराच्या पाण्यासाठी टाकी रिकामी हवी, पिण्या-वापरण्याच्या पाण्यासाठी भरलेली. एकच टाकी दोन्ही कामं करू शकत नाही. शोषखड्ड्यांबाबतही सांभाळून. भराव घालून तयार झालेल्या, खाडीलगतच्या जमिनीत पावसाळ्यात भूजल हातभरावर आलेलं असतं, तिथे आणखी पाणी मुरत नाही. पेव्हर ब्लॉकच्या फटींतून पाणी झिरपतं, पण खाली काँक्रीटचा थर दिलेला असेल तर ते तिथेच अडतं.

आता थोडा हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर तासात 50 मिलिमीटर पडला तर 50,000 लिटर, म्हणजे दहा हजारी पाच टँकर. मिनिटाला 300 लिटर उपसणारा पंप तासात 18,000 लिटरच काढतो, आणि रस्ता भरलेला असेल तर तेच पाणी फाटकातून परत येतं. म्हणून पाणी बाहेर ढकलण्यापेक्षा उधाणाचे तीन-चार तास ते आपल्यापाशी धरून ठेवणं जास्त कामाचं. पालिकेने हिंदमाता या दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या सखल भागासाठी हेच केलं: पाणी वळवून दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखालच्या आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखालच्या टाक्यांत साठवायचं, ओहोटी लागली की सोडायचं.

सोसायटीला एवढी मोठी टाकी झेपणार नाही. पण बागेचे वाफे विटांनी उंच न करता पंधरा सेंटीमीटर खोलगट ठेवले, तर शंभर चौरस मीटर बागेत 15,000 लिटर पाणी थांबतं. वरच्या हिशेबातले दीड टँकर, तेही जवळपास खर्चाशिवाय. गच्चीचं पाणी थेट गटारात न सोडता आधी या वाफ्यांकडे वळवा.

‘झाकण उघडलं की पाणी जातं’

हा गैरसमज जीव घेतो. मुंबईत पावसाळी गटार आणि मलवाहिनी वेगवेगळ्या आहेत. घाईत उघडलं जातं ते अनेकदा मलवाहिनीचं झाकण. पावसाचं पाणी तिच्यात शिरलं की मैला तळमजल्याच्या संडासातून वर येतो. आणि गुडघाभर गढूळ पाण्याखालचं उघडं तोंड कुणाला दिसत नाही. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात घरी चालत निघालेले एक नामवंत डॉक्टर अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. पाणी कितीही चढलं तरी रस्त्यावरच्या झाकणाला हात लावू नका, कुणी लावत असेल तर थांबवा, आणि उघडं दिसलं तर तिथे काठी रोवून पालिकेला 1916 वर कळवा.