राजगड
राजगड : महाराष्ट्रातील एक इतिहासप्रसिद्ध गिरिदुर्ग व रायगडापूर्वीची छत्रपती शिवाजी महाराजांची राजधानी. तो पुणे जिल्ह्यात, पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारे ५० किमी. वर असून समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १,४०० मी. आहे. मूळ डोंगराचे नाव मुरुंबदेव. सतराव्या शतकाच्या पाचव्या दशकात महाराजांनी तो ताब्यात घेऊन त्यावर नव्याने बांधकाम केले.

डोंगराच्या मध्यभागी उभ्या कड्यांचा उंच बालेकिल्ला असून त्यापासून तीन सोंडा निघतात. त्या तटबंदीने बांधून काढून उत्तरेस पद्मावती, आग्नेयीस सुवेळा व नैर्ऋत्येस संजीवनी या माच्या तयार केल्या आहेत. प्रत्येक माची स्वतंत्रपणे लढविता यावी, एक पडली तरी गड पडू नये, हे या रचनेचे मर्म होय. पद्मावती माची त्यांतल्या त्यात रुंद. म्हणून वस्ती, सदर, पद्मावती देवीचे मंदिर व मोठा तलाव तेथे आहेत. सुवेळा माचीवरील खडकात ‘नेढे’ नावाचे नैसर्गिक आरपार छिद्र आहे.

संजीवनी माची सुमारे अडीच किमी. लांब व अतिशय अरुंद असून ती टप्प्याटप्प्याने उतरत जाते. येथील दुहेरी तटबंदी दुर्गरचनेत विशेष उल्लेखनीय मानावी लागेल. दोन तटांमध्ये खोल, चिंचोळी वाट ठेवलेली आहे. बाहेरचा तट फोडून शत्रू आत शिरलाच, तर तो या अडचणीच्या जागेत सापडे आणि आतील तटावरून त्याच्यावर मारा करता येई. बुरुजांनाही बाहेरून दुसऱ्या बुरुजाचे कवच दिलेले असून त्यांना चिलखती बुरूज म्हणतात. गडावर पाली, गुंजवणे, अळू इ. दरवाजे आहेत. त्यांपैकी पाली दरवाजाची वाट राजमार्गाची होय. बालेकिल्ल्यावर मात्र पाण्याची सोय असली, तरी जागा बेताचीच आहे. वाढत्या राज्याच्या कारभारास ती अपुरी पडणे स्वाभाविक होते.

सुमारे पाव शतक येथून राज्यकारभार चालला. सईबाईंचे निधन (१६५९) आणि राजारामांचा जन्म (१६७०) येथेच झाला. पुरंदरच्या तहात (१६६५) तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. परंतु महाराजांकडे राहिलेल्या बारा किल्ल्यांत राजगड होता. आग्र्याहून सुटून ते १६६६ मध्ये येथेच परतले. १६७० नंतर राजधानी रायगडास हलली.

औरंगजेबाने १७०३ च्या अखेरीस स्वतः येऊन गडास वेढा घातला. खालचा भाग मोगलांच्या हाती पडल्यावरही बालेकिल्ला काही दिवस लढत राहिला. फेब्रुवारी १७०४ मध्ये तोही पडला आणि गडास ‘नबीशाहगड’ असे नाव देण्यात आले. मराठ्यांनी १७०७ मध्ये तो परत घेतला. पुढे तो भोरच्या पंतसचिवांकडे होता. ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांत राजगडाचा समावेश आहे. वाड्यांची आता केवळ जोती उरली असून माच्यांचे तट पुष्कळसे शाबूत आहेत.