मॅनेजमेंट शिकलेला मुलगा आणि मस्टर

कारंजा लाडच्या दुकानदार आणि कारागिरांच्या घरांतही आता बी.बी.ए., एम.बी.ए. झालेली मुले दिसू लागली आहेत. पदवी होते, मार्केटिंगची नोकरी काही मानवत नाही आणि मुलगा घरी येऊन म्हणतो, "अब्बा, मी एच.आर.मध्ये जातो." अब्बांच्या मनात येते, एवढी फी भरली ती लोकांच्या हजऱ्या लिहायला का? असा प्रश्न घेऊन दोघे-तिघे पालक आमच्याकडे आले, म्हणून या कामाबद्दल चार गोष्टी सांगत आहोत.

खरे तर हे काम आपल्याला परके नाही. जिनिंगचा हंगाम लागला की मजूर कोण आणतो? मुकादम. उचल तोच देतो, भांडण तोच मिटवतो, नको असलेल्याला घरीही तोच पाठवतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत ही सत्ता जॉबरच्या हाती होती आणि कामावर लागायचे तर आधी त्याचा हात ओला करावा लागे. 1931 साली रॉयल कमिशनने कामगारविषयक अहवालात ही भरती जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावी असे सुचवले. 1936 मध्ये टाटांच्या ट्रस्टने मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था काढली, तीच आजची टिस. पुढे 1948 च्या फॅक्टरी कायद्याने 500 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत हा आकडा 250 वर आला आहे. म्हणजे या माणसांची गरज वाढणार.

मात्र इथेच मुले फसतात. वेल्फेअर ऑफिसरच्या पदासाठी कोणते अभ्यासक्रम चालतात हे सरकारी नियम ठरवतात. मार्केटिंग किंवा फायनान्स घेऊन केलेली एम.बी.ए. तिथे चालेलच असे नाही. एम.एस.डब्ल्यू. किंवा कामगारविषयक पदवी लागू शकते. एच.आर.च्या इतर जागांना मात्र पदविकाही उपयोगी पडते. इग्नूची मनुष्यबळ व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका घरबसल्या करता येते. फी भरण्यापूर्वी जाहिरातीतली पात्रता वाचा, एजंटाच्या बोलण्यावर जाऊ नका.

मॅनेजमेंटवाल्याला हिशेब येतो, बोलणे येते. कमी पडतो तो कायदा. 12,000 रुपये मजुरीचा एक माणूस घ्या. 20 किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत त्याचा प्रॉव्हिडंट फंड 12 टक्क्यांनी 1,440 रुपये कापला जातो आणि मालकही तेवढेच भरतो. मालकाच्या भागातले 8.33 टक्के, म्हणजे सुमारे 1,000 रुपये, पेन्शनकडे वळतात. ई.एस.आय. लागू असेल तर कामगाराचे 90 आणि मालकाचे 390 रुपये. हाच माणूस 10 वर्षांनी सोडून गेला तर 15 दिवसांची मजुरी गुणिले 10, महिना 26 दिवसांचा धरून ग्रॅच्युइटी होते 69,230 रुपये. नव्या संहितेत भत्ते फुगवून मूळ मजुरी लहान दाखवण्याची वाटही आखडली आहे. एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त भत्ते गेले, तर वरची रक्कम मजुरीतच धरतात.

हे आकडे कामगारापेक्षा मालकाने आधी समजून घ्यावेत असे आम्हाला वाटते. आमच्या माहितीतल्या एका छोट्या कारखानदाराने माणसे वीसच्या पुढे गेल्यावरही मस्टर नीट ठेवले नाही. तपासणीत जुनी थकबाकी, व्याज आणि दंड असे सगळे एकदम निघाले आणि त्या हंगामाचा नफा त्यातच गेला. त्याच्या घरात एम.कॉम. झालेला मुलगा होता. त्याला कुणी विचारलेच नव्हते.

म्हणून आमची सूचना अशी, की मुलाने सुरुवात घरच्या दुकानापासून, चुलत्याच्या गॅरेजपासून किंवा ओळखीच्या दालमिलपासून करावी. सहा महिने हजेरीपट, पगारपत्रक आणि चलन स्वतः भरावे. मुलाखतीत हेच सांगता येते. मग नांदगाव पेठचे कापड कारखाने किंवा नागपूरजवळची बुटीबोरी. पहिली एक-दोन वर्षे टाइम ऑफिसात जातील आणि तिथे पगार बेताचाच असतो. शिफ्ट बदलताना गेटवर उभे राहावे लागते, मराठी आणि हिंदी दोन्हींत ऐकून घ्यावे लागते, कधी शिव्याही. ज्याला ते जमत नाही त्याने मार्केटिंगच बरे. मुलींनाही हे काम चांगले जमते, पण घरचे लोक गावाबाहेर पाठवायला कचरतात. त्यांना एखाद्या कर सल्लागाराकडे पगारपत्रकांचे काम गावातच मिळू शकते.