सपाटीचा शोध : रत्नागिरीच्या नदीकाठांवरील धावमार्ग

रत्नागिरी जिल्ह्याच्या भूरचनेत सपाट जमीन हा अपवाद आहे. सह्याद्रीचा कडा आणि अरबी समुद्र यांच्यामधली जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर रुंदीची ही पट्टी डोंगरांच्या सोंडांनी, जांभ्या दगडाच्या सड्यांनी, म्हणजे उंचावरच्या कातळी पठारांनी, आणि त्यांच्यामधून खोल चिरत गेलेल्या नद्यांनी व्यापलेली आहे. लांब पल्ल्याच्या धावण्याचा सराव करणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली असून २०२४च्या जानेवारीत रत्नागिरीत कोकण कोस्टल मॅरेथॉनही भरली. त्यामुळे चढ-उतारांच्या या मुलखात सलग, सपाट आणि सुरक्षित धावमार्ग कोठे मिळेल, हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. त्याचे उत्तर जिल्ह्याच्या नद्यांत आहे. परंतु ते नीट समजण्यासाठी भूगोल, शेती आणि भरती-ओहोटी या तिन्हींचा एकत्र विचार करावा लागतो.

नद्यांची दिशा आणि रस्त्यांची दिशा

सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना या जिल्ह्यातील प्रमुख नद्या सह्याद्रीत उगम पावून पश्चिमेकडे वाहतात, तर मुंबई-गोवा महामार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. साहजिकच महामार्गाला प्रत्येक नदी ओलांडावी लागते आणि दोन नद्यांमधला प्रत्येक डोंगर चढून उतरावा लागतो. कशेडी, भोस्ते आणि परशुराम हे घाट त्याचीच उदाहरणे होत. जो रस्ता नदी ओलांडत नाही, तर तिच्या काठाने पूर्व-पश्चिम जातो, तोच या जिल्ह्यात बराचसा सपाट राहू शकतो.

स्थानिक भाषेत सह्याद्रीलगतच्या उंच भागाला वलाटी आणि समुद्रालगतच्या सखल भागाला खलाटी म्हणतात. वलाटीत नदीचा उतार तीव्र असल्याने ती गाळ वाहून नेते. खलाटीत उतार संपतो, समोरून भरतीचे पाणी चढते आणि वेग मंदावलेली नदी आपला गाळ काठावर टाकते. या गाळाच्या सुपीक पट्ट्यांना मळे म्हणतात. जेथे भरतीचे खारे पाणी जमिनीवर पसरते ती खाजणे होत. खाजणाला मातीचा बांध घालून आणि बांधात उघाडी, म्हणजे ओहोटीच्या वेळी आतील पाणी बाहेर सोडणारी व भरतीचे पाणी आत येऊ न देणारी झडप, बसवून भातशेतीसाठी मिळवलेली जमीन म्हणजे खारभूमी. हे बांध पूर्वी गावकरी सामुदायिक श्रमाने राखीत. पुढे १९४८च्या खारभूमी कायद्याने आणि त्यानंतर १९७९च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाने त्या कामाला शासकीय चौकट मिळाली. म्हणजे धावणाऱ्याला जी सपाटी निसर्गदत्त वाटते, ती निम्मी गाळाने घडवलेली आणि निम्मी शेतकऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी राखलेली आहे.

या सपाटीवरून पूर्वी फारशी पायवाहतूक होत नसे, कारण पावसाळ्यात हे मळे पाण्याखाली जात. मालाची आणि माणसांची ने-आण खाडीतून होड्यांनी, पुढे लाँचींनी होई. दाभोळच्या खाडीतून चिपळूणजवळच्या गोवळकोट धक्क्यापर्यंत जहाजे येत. पायी जाणारा मात्र पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, सड्यावर चढून कोरड्या कातळावरून चाले. नद्या गाळाने भरत गेल्या, जलवाहतूक मागे पडली आणि मोटारींचे रस्ते गावोगाव पोहोचले, तेव्हा काठाच्या वाड्या डांबरी रस्त्यांनी जोडल्या गेल्या. आजचे नदीकाठचे धावमार्ग या बदलातून उपलब्ध झाले आहेत.

काजळीचे खोरे

रत्नागिरी शहराच्या दृष्टीने सर्वांत जवळचे खोरे काजळीचे आहे. साखरप्याच्या बाजूने येणारी ही नदी आंजणारी, चांदेराई, हरचेरी अशी गावे घेत पोमेंडी, चिंचखरी, सोमेश्वर या भागातून खाली येते आणि राजिवडा व भाट्ये यांच्यामध्ये समुद्राला मिळते. थिबा राजवाड्याच्या परिसरातील उंचवट्यावरून या खोऱ्याचा शेवटचा भाग एका दृष्टिक्षेपात दिसतो. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला १८८६पासून १९१६मध्ये मृत्यू येईपर्यंत याच शहरात नजरकैदेत ठेवण्यात आले होते. या उंचवट्यावरून एकीकडे शहराचा सडा आणि दुसरीकडे खाडीलगतची सखल जमीन यांच्या उंचीतील फरक स्पष्ट होतो, आणि शहरात राहणाऱ्या धावकाला सपाटीवर पोहोचण्यासाठी प्रथम उतार उतरावा लागतो व परतताना तोच चढावा लागतो, हेही कळते. चढावर जादा खर्च झालेली ऊर्जा उतारावर पूर्णपणे परत मिळत नाही, शिवाय उतारावर गुडघ्यांवर व मांडीच्या पुढच्या स्नायूंवर अधिक ताण येतो. म्हणून लांब सरावाची सुरुवात आणि शेवट दोन्ही खाली, नदीकाठीच करणे हितावह ठरते.

काजळीकाठचा मार्गही सलग सपाट नाही. डोंगराची सोंड जेथे थेट नदीपात्राला भिडते तेथे रस्ता तिच्या खांद्यावर चढतो, आणि वहाळ म्हणजे लहान ओढा आडवा येतो तेथे मोरीवरून किंवा साकवावरून, म्हणजे अरुंद पादचारी पुलावरून, जावे लागते. त्यामुळे एकाच दिशेने लांब जाण्यापेक्षा दोन चढांमधला चार-पाच किलोमीटरांचा सपाट तुकडा निवडून त्यावर जा-ये करणे अधिक उपयुक्त ठरते. स्पर्धेच्या नियमांशीही ही पद्धत जुळते. विक्रमासाठी ग्राह्य धरल्या जाणाऱ्या मार्गाची एकूण उतरण दर किलोमीटरला सरासरी एक मीटरपेक्षा अधिक नसावी आणि प्रारंभ व समाप्ती यांमधले सरळ अंतर शर्यतीच्या अंतराच्या निम्म्याहून जास्त नसावे, असा जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेचा नियम आहे. जेथून निघाले तेथेच परतणारा मार्ग या दोन्ही अटी आपोआप पूर्ण करतो. अधिकृत अंतर प्रमाणित केलेल्या सायकलच्या चाकाच्या फेऱ्यांवरून मोजतात आणि अंतर कमी भरू नये म्हणून त्यात हजारामागे एक इतकी भर घालतात, ४२.१९५ किलोमीटरांच्या मॅरेथॉनमध्ये ही भर सुमारे ४२ मीटर होते.

वारा, तिथी आणि भरती

नदीकाठी धावण्याची वेळ घड्याळापेक्षा वाऱ्यावरून ठरवणे शहाणपणाचे असते. हिवाळ्यात रात्रभर थंड झालेल्या जमिनीवरून पहाटे समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यांना कोकणात मतलई वारे म्हणतात. पूर्व-पश्चिम खोऱ्यात ते नदीच्या प्रवाहाबरोबर वाहतात. त्यामुळे पहाटे खाडीकडून वरच्या गावांकडे निघालेल्या धावकाला जाताना वारा समोरून लागतो आणि दमलेल्या अवस्थेत परतताना तो पाठीशी येतो. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की हे गणित उलटते. दमट हवेत घाम लवकर सुकत नसल्याने शरीर थंड होण्याची क्रिया मंदावते, म्हणून कोकणात वाऱ्याचा हा हिशेब देशावरच्यापेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो.

दुसरा हिशेब भरतीचा. या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा ढोबळ तास मिळतो, हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा आहे. त्यानुसार अष्टमीला भरती सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास असते, तर पौर्णिमा-अमावास्येला ती सव्वाअकराच्या आसपास येत असल्याने पहाटे पाच-सहाला पूर्ण ओहोटी असते. भाट्ये किनाऱ्यावरची ओली, घट्ट वाळू धावण्यासाठी हवी असल्यास पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागचे दिवस निवडावेत, आणि अष्टमीच्या सुमारास वाळूचा पट्टा अरुंद होत असल्याने आतल्या नदीकाठच्या रस्त्याकडे वळावे. मात्र खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाचे पाणी एरवी कोरड्या असणाऱ्या सखल वाटांवरही चढते, हे ध्यानात ठेवावे लागते.

ऋतू आणि धोके

वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात जून ते सप्टेंबर हा काळ नदीकाठच्या धावण्यासाठी योग्य नाही. काजळीला पूर आला की चांदेराईच्या बाजारपेठेत पाणी शिरते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडवले, तेव्हा या नद्यांची पातळी काही तासांत किती चढू शकते हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पावसाळ्यात जांभ्या दगडावर शेवाळ धरते, आणि भाताच्या खाचरातील साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. पायाला जखम असताना अशा पाण्यातून धावणे विशेष धोक्याचे असते.

दिवाळीच्या सुमारास भातकापणी उरकत येते, बांध मोकळे होतात आणि पुढचे चार महिने धावण्याचा खरा हंगाम असतो. मात्र बांध ही वहिवाटीची वाट असली तरी सार्वजनिक मैदान नव्हे. पीक उभे असताना त्यावरून धावल्यास बांध खचतो, आणि खारभूमीच्या बांधाला पडलेले भगदाड खारे पाणी आत घेऊन जमीन नापीक करू शकते. मळ्यांत भातानंतर कुळीथ, पावटा, भाजीपाला होतो, त्यामुळे हिवाळ्यातही रस्ता सोडून शेतात उतरणे योग्य नाही. चिपळूण ते गोवळकोट हा वाशिष्ठीकाठचा भाग किंवा खेडजवळचा जगबुडीचा काठ निवडणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी : या दोन्ही नद्यांत मगरींचा वावर असल्याने अंधारात पाण्यालगतच्या वाटा टाळाव्यात आणि हातपाय धुण्यासाठी पात्रात उतरू नये.

असे धावमार्ग आखण्यासाठी वेगळे बांधकाम वा मोठा खर्च लागत नाही. सपाट तुकड्यांची मोजलेली अंतरे, चढांची आणि साकवांची नोंद, भरतीत बुडणाऱ्या जागा आणि पेरणी-कापणीचे महिने एवढी माहिती ग्रामपंचायतींच्या संमतीने एका नकाशावर आली, तर काजळीपासून शास्त्रीपर्यंत प्रत्येक खोऱ्यात धावण्याजोगा मार्ग आखता येईल. त्या नकाशावर तिथीचा एक रकाना असणे आवश्यक आहे, कारण या जिल्ह्यात कोणती जमीन किती वेळ सपाट आणि कोरडी राहील हे शेवटी पाणीच ठरवते, आणि त्या पाण्याचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या शेतकऱ्याच्या सोयीनेच धावणाऱ्याने आपले वेळापत्रक बसवायचे आहे.