गर्भ साखर कधी मागतो?

6 ऑगस्ट 1986. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. शरीराबाहेर फलन होऊन जन्मलेली, शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेली भारतातली पहिली. रत्नागिरीची माणसं अवघड दुखण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या ज्या परळला जातात, तिथलीच ही गोष्ट. काचेच्या बशीतल्या अशा गर्भाला पोसायचं कशावर?

ग्लुकोजवर, असं कुणालाही वाटेल. पण पहिले तीन दिवस गर्भ ग्लुकोज फारसं वापरतच नाही. त्याचं इंधन असतं पायरुव्हेट आणि लॅक्टेट, आणि बीजवाहिनीतल्या द्रवातून ते त्याला मिळतं. उंदराच्या एकपेशी गर्भाला नुसतं ग्लुकोज दिलं तर त्याचं पहिलं विभाजनही होत नाही, हे 1967 मध्येच दिसलं होतं.

या दिवसांत पेशी विभागतात, पण गर्भ वाढत नाही. आईच्या बीजातून आलेली लाखभर मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, हीच त्याची शिदोरी; प्रत्येक विभाजनात ती वाटली जाते, नवी फारशी बनत नाहीत. ती अजून अपक्व असतात आणि संथपणे काम करतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री लीझ यांनी 2002 मध्ये मांडलं की ज्यांचा चयापचय शांत, तेच गर्भ जास्त तगतात. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. धडपड जास्त म्हणजे जोम जास्त, हा आपला समज इथे लागू पडत नाही.

मग गर्भाची स्वतःची जनुकं जागी होतात. माणसात चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर, गाईत आठ ते सोळा. आपल्या कोकण कपिला गाईच्या पोटातही हाच क्रम. पाचव्या दिवसाच्या सुमारास मानवी गर्भ पोकळ गोळा होतो. पोकळीत पाणी ओढून घ्यायला ऊर्जा लागते आणि ग्लुकोजची मागणी एकदम वाढते. त्यातलं बरंचसं ऑक्सिजन असूनही लॅक्टेट होऊन बाहेर पडतं, काही नव्या पेशींच्या बांधणीत जातं. म्हणूनच अनेक प्रयोगशाळा तिसऱ्या दिवशी पोषकद्रव बदलतात. शिवाय ऑक्सिजनही हवेतल्या 21 टक्क्यांऐवजी 5 टक्के ठेवतात.

हे सगळं पाळी चुकण्याआधीच घडून गेलेलं असतं. आईच्या रक्तात साखर फार असेल तर ती या नाजूक दिवसांतही गर्भाला बाधू शकते. त्यामुळे मधुमेह असलेल्या किंवा घराण्यात तो असलेल्या मुलींनी दिवस राहण्याची वाट न पाहता, मूल हवं असं ठरवतानाच साखर तपासून घ्यावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ती आटोक्यात आणावी.