हबसाणच्या स्वारीचे पदक आणि कोकणी शिपायाचे नाव

१८६७-६८ मध्ये रॉबर्ट नेपियर यांच्या नेतृत्वाखाली हबसाणावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, जी स्वारी झाली तिची सिद्धता मुख्यतः मुंबईत झाली. स्वारीतील तारायंत्र-विभागाचे प्रमुख ऑलिव्हर सेंट जॉन हे होते. इराणी तारमार्गावर काम केलेले हे अभियंते पुढे इराणच्या पूर्व सीमेच्या पाहणीमुळे प्रवासी-संशोधक म्हणूनही ख्यातनाम झाले. याच स्वारीत मुंबई लष्कराच्या देशी पलटणीही होत्या, आणि त्यांची भरती बऱ्याच अंशी कोकणातून, मालवण-सावंतवाडीच्या मुलखातूनही होत असे. अधिकारी व शिपाई या दोघांसाठी पदक एकच ठरले.

चांदीच्या या पदकावर राणी व्हिक्टोरियाची मुद्रा असून तिच्याभोवती नऊ टोकांचा तारा आहे. त्याच्या टोकांमध्ये अबिसिनिया या नावाची नऊ रोमन अक्षरे बसविलेली आहेत. पाठीमागे धारकाचे नाव व पलटण येते. मात्र ब्रिटिश धारकांची नावे उठावाची असत, तर देशी शिपायांची नावे सामान्यतः ठसा मारून उमटविलेली आढळतात.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न पुढेच आहे. सेंट जॉन यांचे चरित्र ग्रंथांतून मिळते. शिपायाविषयी मात्र पुष्कळदा हा ठसाच काय तो बोलतो. त्यात गावाचा उल्लेख नसतो. सावंत, परब, राणे ही आडनावे अनेक गावांत असल्याने त्यांवरून गाव ठरविता येत नाही. शिवाय रोमन लेखनात ‘त’ व ‘ट’, ‘न’ व ‘ण’, ‘ल’ व ‘ळ’ यांतील भेद लोपतो. त्यामुळे ‘बाळा’ आणि ‘बाला’ एकरूप होतात. उलटपक्षी काही खुणा टिकतातही. कोरेगाव भीमा येथील स्तंभावरील महार सैनिकांच्या नावांत ‘नाक’ हे अंत्यपद स्पष्ट दिसते. अशा अंत्यपदावरून धारकाचा समाज ओळखता येतो.

म्हणून पदकावरील नाव आजच्या प्रमाणलेखनात ‘सुधारून’ नोंदविणे घातक होय. अक्षरे आहेत तशीच उतरून घ्यावीत, देवनागरी वाचन स्वतंत्रपणे द्यावे आणि पलटणीच्या पदकपटाशी ते ताडून पाहावे. हा शोध घेताना आणखी एक भान हवे : सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये अस्तित्वात आला, तत्पूर्वी मालवण रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे, आणि स्वारीच्या काळी सावंतवाडी हे निराळे संस्थान होते. एक अक्षर बदलले, तर ज्याचा दुसरा लेख उरलेला नाही असा मनुष्य इतिहासातून कायमचा निसटू शकतो.